सँ-सीर-लापोपी: लॉट नदीकाठचं हे गाव नीट बघायचं असेल तर कसं जायचं, कुठे राहायचं, काय चुकवायचं नाही

सँ-सीर-लापोपीला दरवर्षी लाखो लोक जातात आणि त्यातले बहुतेक दुपारी बारा ते चारच्या मध्ये गाडीने वर येतात, पार्किंगचे पैसे भरतात, उतारावरून खाली चालत जातात, आइस्क्रीम खातात, फोटो काढतात आणि धापा टाकत परत वर. मग म्हणतात छान आहे पण गर्दी फार. गर्दी असणारच ना, तुम्ही गर्दीच्याच वेळेला गेलात! माझं सरळ म्हणणं असं की या गावाला दोन अटींवर जा: नदीच्या बाजूने पायी वर चढायचं, आणि एक रात्र तिथे मुक्काम करायचा. हे दोन जमणार नसेल तर दक्षिण फ्रान्समध्ये बघायला बाकी खूप आहे.

गाव कुठलं ते आधी सांगते. नैऋत्य फ्रान्स, लॉट जिल्हा, काओर शहराच्या पूर्वेला साधारण पंचवीस-तीस किलोमीटर. लॉट नदी इथे चुनखडीच्या डोंगरातून वळणं घेत जाते आणि डाव्या तीरावर शंभरेक मीटर उंच कड्याला हे गाव चिकटलेलं आहे. कायमची वस्ती जेमतेम दोनशेची, पण तेरा इमारती सरकारी संरक्षित स्मारकांच्या यादीत. फ्रान्समधल्या सर्वात सुंदर गावांची एक अधिकृत संघटना आहे, तिच्यातही हे आहे आणि 2012 मध्ये टीव्हीवर देशाच्या आवडत्या गावासाठी मतदान झालं, त्यात हेच पहिलं आलं. तेव्हापासून गर्दी अजून वाढली असं लोक म्हणतात.

कधी जायचं

मे, जून आणि सप्टेंबर, बाकी फार विचार करू नका. जुलै-ऑगस्टमध्ये फ्रेंच लोकांच्या स्वतःच्याच सुट्ट्या असतात, ऊन कडक, खोल्या महाग. ऑक्टोबरमध्येही छान असतं, झाडं पिवळी होतात आणि सकाळी नदीवर धुकं असतं, पण नोव्हेंबरनंतर जवळपास सगळी दुकानं, हॉटेलं बंद होतात ती थेट ईस्टरच्या आसपास उघडतात, तेव्हा ख्रिसमसच्या सुट्टीत जाऊ आणि मस्त जेवू असला प्लॅन करू नका, बंद दारं बघून याल. आपल्या मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत हे बरोबर बसतं, फक्त मे महिन्यात फ्रान्सला सरकारी सुट्ट्या खूप असतात (1 मे, 8 मे, वर एक-दोन ईस्टरला जोडून येणाऱ्या) आणि त्या दिवशी बस कमी किंवा नसतेच, त्यामुळे तारखा कॅलेंडरवर आधी टिचकी मारून बघा.

व्हिसाचं सगळ्यांना माहीतच आहे, नेहमीचा शेंगेन, पुण्या-मुंबईतून अर्ज करता येतो, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट लवकर संपतात. पुढे जाऊ.

पोचायचं कसं

आधी काओर गाठायचं. पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनवरून थेट गाडी आहे, पाच तासांच्या वर लागतात, ही वेगवान टीजीव्ही नाही, जुन्या मार्गावरची साधी लांब पल्ल्याची गाडी, पण खिडकीतून देश दिसतो. टुलूझहून आलात तर सव्वा-दीड तासात काओर. टुलूझला एअरबसमुळे आणि तिथल्या कॉलेजांमुळे आपली मंडळी बरीच आहेत, कुणी ओळखीचं असेल तर तिथेच तळ ठोका आणि शनिवार-रविवार इकडे या, सगळ्यात सोपं.

काओर स्टेशनवरून फिझाककडे जाणारी बस पकडायची. ही बस नदीच्या उजव्या काठाने जाते. दिवसातून मोजक्याच फेऱ्या, रविवारी अजून कमी, म्हणून टाइमटेबल ऑक्सितानी प्रांताच्या बस सेवेच्या साइटवरून जायच्या आठवड्यातच बघा, जुना फोटो कुणी पाठवला त्यावर विसंबू नका. बहुतेक लोक तूर-द-फोरला उतरतात, म्हणजे गावाच्या समोरच्या काठावर, तिथून पूल ओलांडून दोनेक किलोमीटर चढ. तुम्ही तिथे उतरू नका. त्याच्या आधी बूझिएसला उतरा, कारण आता सांगते तो रस्ता तिथून सुरू होतो.

बसमधून जाताना रस्त्याशेजारी गंजलेले रूळ दिसतील झुडपात गेलेले, ते लक्षात ठेवा, त्याचा संबंध पुढे येणार आहे.

गाडी भाड्याने घेतली असेल तर: गावात गाडी नेता येत नाही, वरच्या बाजूला पैसे भरायचे पार्किंग आहेत, सकाळी दहाच्या आत आलात तर जागा मिळते. पण गाडी असली तरी एक जण सगळ्यांना बूझिएसला सोडून गाडी वर नेऊन लावू शकतो, असं केलं तर चालायला पण मिळतं. कुणी गाडी न्यायची यावरून भांडणं होतील ती तुमची तुम्ही बघा.

बूझिएस ते लापोपी: ओढीचा रस्ता

हा या सगळ्यातला सर्वात भारी भाग आणि फुकट आहे.

बूझिएसला अरुंद पूल ओलांडून डाव्या काठावर या. ओलांडताना मागे वळून समोरच्या कड्याकडे बघा, खडकाच्या कपारीत भिंत बांधून केलेली जुनी गढी दिसते. तिला इंग्रजांचं नाव आहे, इंग्लंड-फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धाची आठवण. मग नदी डाव्या हाताला ठेवून प्रवाहाच्या उलट दिशेने चालायचं. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा झाडांवर दगडांवर दिसत राहतात, तो लांब पल्ल्याचा जीआर 36 ट्रेक रूट, तुम्हाला त्याचा एक छोटा तुकडाच करायचाय. साडेचार-पाच किलोमीटर, रमतगमत दीड-दोन तास, शेवटचा चढ सोडला तर सपाट.

थोडं पुढे गेलात की गानिलचा कडा येतो आणि कडा सरळ नदीतच उतरतो, काठ म्हणून उरतच नाही. मग रस्ता कसा? तर कडा कोरून काढलाय. डोक्यावर खडक, एका हाताला खडक, पायाखाली खडक आणि दुसऱ्या हाताला पाणी. 1840 च्या दशकात हे काम झालं. कारण असं की इथून बोर्डोच्या दिशेने दारूची पिंपं घेऊन गाबार नावाच्या सपाट तळाच्या होड्या जायच्या, खाली जाताना प्रवाह होता पण परत येताना मीठ-मासे-माल भरलेली होडी दोरीने ओढावी लागायची, माणसांनी नाहीतर जनावरांनी, आणि ओढणाऱ्याला पाय ठेवायला काठ हवा. जिथे काठ नव्हता तिथे तो असा खोदला. भिंतीला हात लावून बघा, हत्यारांच्या तिरप्या रेघा अजून स्पष्ट लागतात बोटांना. छताची उंची जनावर जाईल इतकीच, तेव्हा उंच माणसांनी एखाद्या ठिकाणी जरा जपून.

याच भिंतीवर एका ठिकाणी टुलूझचे शिल्पकार दानिएल मोनिये यांनी लांबलचक उठावशिल्प कोरलंय, शिंपले, मासे, पाण्याचे भोवरे अशा आकारांचं. बरेच लोक ते पुरातन समजून भक्तिभावाने फोटो काढतात, ते आपल्याच काळातलं आहे. वाईट नाही, पण मला त्या हत्यारांच्या रेघाच जास्त आवडतात.

आणि गंमत बघा, एवढा खटाटोप करून रस्ता खोदला आणि चाळीसेक वर्षांत, 1886 मध्ये, समोरच्या काठाने रेल्वे आली. होड्यांचा धंदा बसला. पुढे रेल्वेचेही दिवस भरले, 1980 मध्ये प्रवासी गाड्या बंद पडल्या आणि त्यांच्या जागी बस आली, तुम्ही बसून आलात तीच. तेच ते गंजलेले रूळ.

चालताना काय हवं: चांगल्या ग्रिपचे बूट (पावसानंतर खडक निसरडा असतो), पाणी, पाठीवरची एकच सॅक. ट्रॉली बॅग अजिबात नको, इथेही नको आणि वर गावातल्या दगडी रस्त्यांवर तर नकोच नको, मोठ्या बॅगा काओरच्या हॉटेलात सोडून या. मुलं लहान असतील तर गानिलच्या भागात हात धरून ठेवा, सगळीकडे कठडा नाहीये. नदीला पूर असेल किंवा दरड पडली असेल तर रस्ता बंद ठेवतात, आदल्या दिवशी टुरिस्ट ऑफिसला विचारा. आई-बाबांचे गुडघे कुरकुरत असतील तर कोरलेला भाग बघून बूझिएसला परत फिरायचं, एक-दीड तासाचं सपाट चालणं होतं, आणि तिथून सीझनमध्ये बोटीची सैर पण मिळते, तीही कड्याखालूनच जाते.

गावात शिरल्यावर

खालून चढून येता तेव्हा गाव आधी डोक्यावर दिसतं, एकावर एक रचलेली घरं, तपकिरी कौलांची उभी छपरं, मध्ये चर्च आणि सगळ्यात वर नुसता खडक. या उंचीवरून खालची नदी ताब्यात ठेवता यायची, कोण आलं कोण गेलं सगळं दिसायचं, म्हणून लापोपी, गूर्दों, कार्दायाक अशी तीन-चार सरंजामी घराणी या एकाच खडकावर आपापले वाडे बांधून शेजारी शेजारी राहत होती. कशी राहत असतील देव जाणे.

पहिल्या संध्याकाळी खोलीवर सामान टाकायचं आणि काही न ठरवता फिरायचं. पाच-साडेपाचनंतर टुरिस्ट बस निघून जातात आणि मग गाव तुमचं. बघायचा क्रम दुसऱ्या दिवशी सकाळी असा ठेवा:

पहिलं, अगदी वरचा लापोपीचा खडक. सकाळी लवकर. किल्ला म्हणावा असं इथे फार काही शिल्लक नाही, कॅथलिक-प्रोटेस्टंटांच्या धार्मिक युद्धांच्या काळात 1580 मध्ये नव्हारच्या आँरीने (हाच पुढे फ्रान्सचा राजा चौथा आँरी झाला) उरलंसुरलं पाडायला लावलं. पण वरून नदीचं वळण, समोरची शेतं, कडे सगळं एका नजरेत.

दुसरं, खाली उतरून चर्च. सोळाव्या शतकातलं, तटबंदीसारखं जाड, आणि आत एका बाजूला बाराव्या शतकातलं जुनं छोटं देऊळघर तसंच सामावून घेतलंय, नवीन बांधताना जुनं पाडलं नाही. सीर हा तान्हा हुतात्मा संत, ज्युलियेत त्याची आई, दोघांच्या नावाने हे चर्च. बाहेरच्या ओट्यावरूनही नदी छान दिसते.

तिसरं, गल्ल्या, आणि इथे घाई करू नका. पेलिसारिया गल्ली म्हणजे कातडी-लोकर कमावणाऱ्यांची, पेरोलरी गल्ली म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची, आपल्या पुण्यातल्या तांबट आळीसारखंच, धंदा गेला तरी नाव टिकलं. घरांकडे बघताना तळमजल्यावरच्या मोठ्या टोकदार कमानी बघा, त्या दुकानांच्या. वर लाकडी सांगाड्याच्या भिंती, थोड्या रस्त्यावर पुढे आलेल्या. तेराव्या ते सोळाव्या शतकातली घरं आहेत बहुतेक.

या कमानींमध्ये शेवटपर्यंत टिकलेला धंदा लेथवर लाकूड कातणाऱ्यांचा. बॉक्सवुड नावाचं झुडूप या डोंगरावर वाढतं, त्याचं लाकूड पिवळसर, गुळगुळीत आणि इतकं घट्ट की पाणी झिरपत नाही. त्याचे दारूच्या पिंपांना लावायचे नळ इथे बनायचे: एक आडवी नळी, तिच्यात आरपार उभं भोक आणि त्या भोकात घट्ट बसणारी चावी, चावी फिरवली की भोकं समोरासमोर येतात आणि दारू वाहते. धातूचा एक तुकडा नाही. नदीवरून जाणाऱ्या पिंपांना नळ पुरवणारं गाव, असा सगळा हिशोब होता. आजही कातकाम करणारे, कुंभारकाम करणारे कारागीर गावात दुकानं चालवतात, काम बघायला उभे राहिलात तर हाकलत नाहीत, फोटोच्या आधी विचारा मात्र.

चौथं, कारोल चौकाजवळचं आंद्रे ब्रेतोंचं घर. सररिअलिस्ट (स्वप्नं आणि अबोध मनातून कला घडवणाऱ्या) चळवळीचा हा लेखक-म्होरक्या 1950 मध्ये जागतिक नागरिकत्वाच्या चळवळीच्या एका कार्यक्रमासाठी काओरकडे आला, हे गाव बघितलं आणि पुढच्याच वर्षी घर विकत घेतलं, पूर्वी नावाड्यांची खाणावळ होती ते. 1966 मध्ये वारला तोवर उन्हाळे इथेच. घर आता गावाच्या ताब्यात आहे, उघडण्याच्या वेळा ठराविक. त्याच्याही आधी चित्रकार आँरी मार्तां इथे घर घेऊन राहिला होता, आणि रिन्यो नावाच्या संग्राहकाने ठेवलेल्या घरात छोटं म्युझियम आहे, आतलं प्रदर्शन बदलत असतं, कधी आवडेल कधी नाही, बाग मात्र चुकवू नका.

टुरिस्ट ऑफिस सोंब्राल चौकात, नकाशा तिथेच घ्या. मोबाइलचा मॅप इथे गोंधळतो, एकावर एक तीन गल्ल्या असल्या की त्याला कळतच नाही तुम्ही कुठल्या पातळीवर आहात.

पोस्टकार्डवरचा तो प्रसिद्ध फोटो गावातून मिळत नाही. त्यासाठी गावाबाहेर डी 40 रस्त्यावर बांकुरेल नावाचा पॉइंट आहे, तिथून गाव कड्यासकट दिसतं. रस्त्याच्या कडेने चालताना गाड्यांकडे लक्ष ठेवा.

मुक्काम

गावात खोल्या कमी, दोन-तीन महिने आधी बुक करा. गावात नाही मिळाली तर तूर-द-फोरला बघा, स्वस्त पडतं आणि कॅम्पिंगचीही सोय नदीकाठी आहे, फक्त रात्री जेवून उतरताना टॉर्च हवा. जुन्या घरांतले जिने अरुंद आणि उभे असतात, ज्येष्ठ मंडळी असतील तर बुक करताना कुठला मजला ते विचारून घ्या.

जेवण, विशेषतः शाकाहारींसाठी

खरं सांगायचं तर हा बदकाचा प्रदेश आहे. बदक, बदकाचं लिव्हर, बदकाच्या चरबीत शिजवलेलं बदक. नॉनव्हेज खाणाऱ्यांची चैन, केर्सीचं (म्हणजे याच भागाचं जुनं नाव) मटणही नावाजलेलं. शाकाहारींनी रोकामादूर चीज शोधायचं, बकरीच्या दुधाची बिस्किटाएवढी छोटी चकती, गरम करून सॅलडवर घालतात, वर अक्रोड आणि मध. पण 'सालाद केर्सीन्वाज' लिहिलेलं दिसलं तर थांबा, त्यात बदकाचे गिझार्ड (पोटातला एक अवयव) असतात. 'लार्दों' म्हणजे डुकराचे तुकडे, ते क्विशमध्ये, ऑम्लेटमध्ये कुठेही निघतात. आणि बटाटे? तेही बदकाच्या चरबीत परततात बऱ्याच ठिकाणी, तेव्हा विचारल्याशिवाय हो म्हणू नका. 'सां व्यांद, सां प्वासों, सां ग्रेस द कानार' म्हणजे मांस नको, मासे नको, बदकाची चरबी नको, एवढं पाठ करून जा. दुपारचं जेवण बारा ते दोन, दोननंतर किचन बंद म्हणजे बंद, गयावया करून उपयोग नाही. सोबत थेपले-चिवडा ठेवा असं मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण हसतो आणि संध्याकाळी चार वाजता माझ्याकडेच मागतो.

वाइन काओरची. माल्बेक द्राक्षाची, इतकी गडद की तिला काळी वाइन म्हणायचे. मटण-बदकाबरोबर बरी, नुसती जरा तुरट लागते मला.

पेश मेर्ल: बुकिंग आधी, बाकी नंतर

इथपर्यंत येऊन आदिमानवाच्या चित्रांची ही गुहा सोडली तर हळहळाल. काब्रेरे गावाजवळ, सेले नदीच्या खोऱ्यात, लापोपीपासून गाडीने पंधरा-वीस मिनिटं. 1922 मध्ये आंद्रे दाविद आणि आँरी द्युतेर्त्र या दोन पोरांनी शोधली, गावच्या पाद्रीबुवांनी, लेमोझींनी, त्यांना नाद लावला होता. लास्को या फ्रान्समधल्या दुसऱ्या प्रसिद्ध चित्रगुहेत आता तुम्हाला नक्कल दाखवतात, इथे अजून खरी चित्रं बघता येतात, म्हणूनच दिवसाला सातशे लोकांचीच मर्यादा आहे. उन्हाळ्यात तिकीट आधी ऑनलाइन काढलंच पाहिजे.

आत गाइडबरोबर तासभर. गारठा असतो, बाहेर कितीही ऊन असलं तरी जॅकेट घ्या. फोटो काढू देत नाहीत. ठिपक्यांचे दोन घोडे बघाल तेव्हा उजवीकडच्या घोड्याचं तोंड नीट बघा: खडकाची कडाच मुळात घोड्याच्या डोक्यासारखी आहे, ते बघून चितारणाऱ्याने तिथे घोडा काढला आणि डोकं मात्र त्याच्या आत छोटंसं काळं रंगवलं. सुमारे 29,000 वर्षांपूर्वी. भोवती हातांचे ठसे, हात भिंतीवर ठेवून तोंडाने रंग फुंकलेला. अंगभर ठिपके ही कल्पनाच असेल असं बरीच वर्षं मानत होते, मग 2011 मध्ये प्राचीन हाडांच्या डीएनएतून निघालं की तसे ठिपकेदार घोडे खरोखर होते. एका जागी ओल्या मातीत उमटलेली पावलंही तशीच राहिलीयेत.

आणि हो, कशालाही हात लावू नका. 1952 मध्ये ब्रेतोंसाहेबांना शंका आली की चित्र खरंच जुनं आहे का, म्हणून त्यांनी मॅमथच्या रेघेवर बोट घासून बघितलं, रंग बोटाला लागला, गाइडशी बाचाबाची झाली आणि प्रकरण कोर्टात जाऊन दंड भरावा लागला.

गाडी नसेल तर इथे पोचणं जरा कटकटीचं आहे, टॅक्सी आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते, रस्त्यावर हात करून मिळत नाही.

परतीला काओर

दुसऱ्या दिवशी दुपारी खाली उतरा, पूल ओलांडून तूर-द-फोरहून काओरची बस. ट्रेनच्या आधी निदान तीन तास हाताशी ठेवा. बुधवार किंवा शनिवार असेल तर सकाळीच पोचा, कॅथेड्रलसमोर बाजार भरतो, चीज, अक्रोड, केशर (हो, केर्सीत केशर पिकतं) तिथून घ्या, लापोपीच्या दुकानांपेक्षा रास्त.

व्हालाँत्रे पूल स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. काम 1308 मध्ये सुरू झालं, तीन बुरूज, सहा मोठ्या कमानी, 1998 पासून युनेस्कोच्या यादीत स्पेनमधल्या सान्तियागोला जाणाऱ्या ख्रिस्ती यात्रामार्गाचा भाग म्हणून. दंतकथा अशी की काम संपेना म्हणून गवंड्याने सैतानाशी करार केला आणि शेवटी त्याला चाळणीतून पाणी आणायला सांगून फसवलं, तेव्हापासून सैतान रोज रात्री मधल्या बुरुजाचा एक दगड काढून टाकतो. 1879 मध्ये दुरुस्ती करणाऱ्या पोल गूत या आर्किटेक्टने त्या कोपऱ्यात दगड उपटणारा छोटा सैतानच कोरून बसवला. मधल्या बुरुजाच्या वरच्या कोपऱ्याकडे बघा, शोधायला वेळ लागतो, मुलांना कामाला लावा. पॅरिसची संध्याकाळची गाडी पकडायची असेल तर पुलावर जायच्या आधी हॉटेलातून बॅगा घेऊन ठेवा, आणि गाडीत खायला काहीतरी बाजारातूनच बांधून घ्या, डब्यात मिळेलच याचा भरवसा नाही.